झाड लावण्याआधी त्याची चौकशी करा

आष्ट्यात भावईचा उत्सव पार पडला आणि पावसाने जोर धरला की पंधरा दिवसांत सगळे शिवार हिरवे होते. उन्हाळाभर रापलेल्या डोळ्यांना ते बरे वाटते, आणि वाटणारच. पण या हिरव्याकडे जरा थांबून बघा, एवढी माझी गावकऱ्यांना विनंती आहे. पेठ–सांगली रस्त्याच्या कडेने माजलेले ते गाजरगवत. ओढ्याच्या काठाने फिकट जांभळी फुले मिरवणारी ती बेशरम. बांधावर दाटी करून उभी ती सुबाभूळ. क्षारपड झाली म्हणून सोडून दिलेल्या तुकड्यात घुसलेली ती वेडी बाभूळ. आणि कृष्णा-वारणेच्या संथ पाण्यावर पसरलेले ते केंदाळ. ही पाचही मूळची अमेरिका खंडातली. कुणी शोभेला म्हणून आली, कुणी चाऱ्याला म्हणून, कुणी धान्यातून नकळत. आज ती इथली मालक होऊन बसली आहेत, आणि आपण “हिरवे आहे ना, मग असू दे” म्हणून पुढे जातो.

असू देऊ नका, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पण आधी एक गैरसमज दूर करतो. बाहेरून आलेले प्रत्येक झाड वाईट नसते. आपल्या भाकरीबरोबरची मिरची पोर्तुगिजांनी आणली. भुईमूग, मका, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ, पपई, सगळे तिकडचेच. ज्या उसावर आपला सगळा भाग उभा आहे, त्याचे मूळ न्यू गिनी बेटाकडचे. हा ऊस कधी कुंपण ओलांडून शेजारच्याच्या रानात शिरला का? उलट खत-पाणी तोडले तर तोच हराळीत हरवून जातो. गुलमोहर मादागास्करचा, पण आपल्या रस्त्यांवर तो लावला तेवढाच राहिला. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने, म्हणजे ‘इप्बेस’ने, 2023 मध्ये जगभरचा आढावा घेतला. माणसाने एका भागातून दुसऱ्या भागात नेऊन रुजवलेल्या जीवजाती सुमारे 37,000, आणि त्यातल्या घातक ठरलेल्या 3,500 च्या वर. वनस्पतींपुरते बोलायचे तर शंभरातल्या साधारण सहा. म्हणजे बहुतेक पाहुणे गुणी असतात. त्रास देतात ते मोजकेच. म्हणूनच नेमके कोण त्रास देते आणि का, हे समजून घेणे शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे.

दोष झाडाच्या जातीत असतो असेही नाही. आपली साधी गावठी बाभूळ घ्या. तिच्या सावलीला बैल बसले, तिच्या लाकडाची औते झाली, शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या. हीच बाभूळ 1890 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी नेली. तिथे तिने गवताळ कुरणेच्या कुरणे गिळली. आज साठ लाख हेक्टरांहून जास्त रानात ती आहे, आणि तिथले मेंढपाळ तिच्या नावाने बोटे मोडतात. इथे जिला आपण गरीब म्हणतो, ती तिथे दांडगी झाली. का झाली?

पहिले कारण शत्रूचे. प्रत्येक झाडाला त्याच्या मुलखात पाने खाणारी अळी असते, बी पोखरणारा किडा असतो, खोड कुजवणारी बुरशी असते. आपल्या बाभळीच्या शेंगा हातात घेऊन बघा, निम्म्या शेंगांना बारीक भोके दिसतील. झाड हजार बिया टाकते, त्यातल्या चार जगतात. ते बी जहाजातून परमुलखात जाते तेव्हा शत्रू मागेच राहतात. मग हजारांतल्या चार नव्हे, चारशे जगतात.

याचा दाखला आपल्या जुन्या माणसांना ठाऊक असलेल्या फड्या निवडुंगात आहे. त्याच्यावर वाढणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात या उद्योगाचे प्रयत्न झाले. 1795 मध्ये ब्राझीलहून किडा आणला, पण तो रंगाचा नव्हता, त्याचा जवळचा भाऊबंद निघाला. रंग मिळाला नाही. मात्र ज्या निवडुंगावर तो सोडला, तो निवडुंग त्याने फस्त केला. तणाला त्याच्याच शत्रूकडून मारता येते हे माणसाला तिथे प्रथम, तेही चुकून, कळले. पुढे 1926 मध्ये दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेहून आणला गेला आणि दक्षिण हिंदुस्थानात माजलेला दुसरा निवडुंगही आटोक्यात आला.

आता गाजरगवताकडे येतो, कारण आपल्या भागाचा खरा वैरी तेच आहे. पुण्यात 1955 च्या सुमारास ते उकिरड्यांवर दिसले आणि पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी त्याची नोंद केली. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर बी आले, असे बहुतेक जण मानतात. त्यानंतर त्याने देशाचा एकही कोपरा सोडला नाही.

एकदा गाजरगवत नीट न्याहाळून बघा. उगवल्यावर ते आधी उंच होत नाही. गाजरासारखी कातरलेली पाने जमिनीला चिकटवून चौफेर पसरते आणि आपल्याखाली दुसरे काही उगवूच देत नाही. हातभर जागा अशी दाबली की मग मधून दांडा वर काढते. महिना-दीड महिन्यात पांढरी बारीक फुले. त्यातले एक वाळलेले फूल तळहातावर चोळा. काळ्या, तिळाहून बारीक पाच बिया मिळतील. एका फुलात पाच. आता त्या झाडावरची फुले मोजायला बसा, मोजून होणार नाहीत. एक जोमदार झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकते. त्या वाऱ्याने जातात, पाटाच्या पाण्याने जातात, ट्रॅक्टरच्या चाकाच्या चिखलातून जातात, शेणखतातून तर तुमच्याच हाताने शेतात येतात. शिवाय याच्या अंगात पार्थेनिन नावाचे विष आहे. ते मुळाजवळ दुसऱ्या बियांना रुजू देत नाही. माणसाच्या कातडीला ते लागले की खाज, चट्टे, आणि काहींना दमा. एकदा अंगाने धरले की पुढे जरासा स्पर्श झाला तरी उठते. ज्या बायका आपल्या रानात भांगलायला येतात त्यांच्या कोपरापर्यंतचे हात बघा, मग हे नुसते तण आहे असे कुणी म्हणणार नाही. जनावर ते सहसा खात नाही, आणि नाइलाजाने खाल्ले तर दूध कडवट होते.

म्हणून माझे पहिले सांगणे: उपटायचे तर फुलाआधी उपटा. फूल आल्यावर उपटून बांधावर टाकले तर तुम्ही काढले नाही, पेरले. जमीन ओली असताना मुळासकट काढा, विळ्याने वरून छाटू नका, कारण छाटलेल्या बुडख्याला चार फांद्या फुटतात. हातमोजे घाला. मजुरांकडून काम करून घेत असाल तर हातमोजे तुम्ही आणून द्या, तो त्यांचा खर्च नाही. फुलाआधीचे गाजरगवत शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवले तर चांगले खत होते, ही गोष्ट फार कमी जण करतात.

आणखी दोन इशारे फक्त आपल्या भागासाठी. गाजरगवतावर मिठाचे पाणी फवारा असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि मिठाने ते मरते हे खरे आहे. पण आपल्या कृष्णाकाठाला आधीच क्षाराने ग्रासले आहे. ज्या मातीतून क्षार बाहेर काढायला आपण चर खणतो, पाइप पुरतो, त्याच मातीत मीठ ओतणे हा शहाणपणा नव्हे. दुसरे, उसातल्या तणासाठी ‘टू-फोर-डी’ मारताना शेजारी द्राक्षबाग आहे का ते बघा. त्या औषधाची वाफ आणि तुषार वाऱ्याने बागेत गेले की वेलीची पाने पंख्यासारखी आकसतात आणि शेजाऱ्याचे वर्ष वाया जाते. या कारणाने भावकीत आणि शेजारात भांडणे लागलेली आहेत.

गाजरगवताचाही शत्रू आणला गेला आहे. मेक्सिकोचा एक भुंगा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बेंगळुरूत 1984 मध्ये तो मोकळा सोडला. मधे तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली, चौकशी झाली, आणि त्याच्यापासून पिकाला धोका नाही असा निर्वाळा मिळाला. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने चाळणी करून टाकतो, उरलेले वर्ष जमिनीत दडून बसतो. तुमच्या रस्त्याकडेला असे चाळणी झालेले गाजरगवत दिसले तर तेवढे उपटू नका, त्यावर कीटकनाशक तर मुळीच मारू नका. ते भुंगे डब्यात गोळा करा आणि जिथे गवत माजले आहे तिथे नेऊन सोडा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतात. तो एकटा गाजरगवत संपवणार नाही, पण बी कमी करतो.

एका उपायाबद्दल मात्र सावध राहा. गाजरगवत हटवायला टाकळ्याच्या जातीतले एक परदेशी झुडूप पेरायचा सल्ला एके काळी दिला गेला. त्याने गाजरगवताला खरोखरच मागे रेटले. पण ते झुडूपही अमेरिकेचे, आणि आता पडीक माळावर तेच माजलेले दिसते. एकाला हाकलायला दुसरा आणायचा, हा मार्ग नको. जागा भरायचीच असेल तर ज्याची आपण पावसाळ्यात भाजी करतो तो टाकळा पेरा, नाही तर ताग, धैंचा, चवळी.

दुसरे कारण जमिनीचे आहे, आणि इथे झाडाला दोष देऊन आपल्याला सुटता येणार नाही. ही झाडे दाट, भरल्या रानात सहसा शिरत नाहीत. त्यांना उघडी, उकरलेली, बिनमालकाची जागा लागते. आपण ती किती तयार करून ठेवतो बघा. रस्ता रुंद केला, कडेला मुरूम-माती टाकली, वर काही लावले नाही. शेत बिगरशेती केले, प्लॉट पाडले, दगड रोवले, मालक पुण्याला. महापूर येऊन गेला, 2005 ला, 2019 ला, 2021 ला, काठ खरवडला गेला आणि त्या गाळावर पहिला हक्क कुणी सांगितला? बेशरमीने. बेशरमीचा एक वीतभर तुकडा ओल्या गाळात टाकून आठवड्याने उचलून बघा, पेरापेराला पांढरी मुळे फुटलेली असतात. म्हणून ओढा साफ करताना बेशरम तोडून पाण्यात सोडून देणे म्हणजे खालच्या गावाला ती पाठवणे आहे. तोडलेली बेशरम काठापासून लांब, उन्हात, दगडावर टाकून कडकडीत वाळवा. तिचा पाला विषारी आहे. शेळ्या-मेंढ्यांना एकदा त्याची चटक लागली की त्या खंगत जातात, तेव्हा कळप तिच्याजवळ रेंगाळू देऊ नका.

केंदाळाचेही तसेच. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती, फूल देखणे, म्हणून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बंगालमध्ये आणली आणि तिथल्या नद्या-खाड्या तिने कोंडल्या. पंधरा दिवसांत ती दुप्पट होते असे धरले, तर चार महिन्यांत एकाची अडीचशेच्या वर रोपे होतात. पण लक्षात घ्या, स्वच्छ वाहत्या पाण्यात ती एवढी माजत नाही. तिला नायट्रोजन-फॉस्फरस लागतो, आणि तो तिला कोण देतो? गावांचे सांडपाणी, आणि आपण गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया, जो पाटपाण्याबरोबर ओढ्यात उतरतो. यंत्र लावून केंदाळ काढले, फोटो निघाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पुन्हा तेच. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तेव्हा केंदाळ काढणे हवेच, पण माती परीक्षण करून खत टाकणारा शेतकरी केंदाळाविरुद्ध जास्त काम करतो, असे मला ठामपणे वाटते. काढलेले केंदाळ काठावर ठेवू नका, पहिल्या पुरात ते परत नदीत जाते. लांब नेऊन कुजवा, उसाच्या सरीत आच्छादन म्हणून ते चालते, पण कारखान्यांच्या सांडपाण्यातले नको, त्यात जड धातू साठलेले असू शकतात.

तिसरे कारण आपण स्वतः. एखादे झाड एकदा, एका ठिकाणी लावले तर ते बहुधा मरून जाते. तेच हजार ठिकाणी, वर्षानुवर्षे, सरकारी योजनेतून लावले की त्याचे पाय रोवले जातात. सुबाभळीचे हेच झाले. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ संस्थेने सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिचा मोठा प्रचार केला. हेतू उत्तम होता, दुष्काळात जनावराला चारा आणि चुलीला सरपण. ते दोन्ही तिने दिले, हे नाकारू नये. पण सुबाभूळ कायम कापती ठेवायची असते. घरात गॅस आला, शेळ्या कमी झाल्या, कापणारा हात थांबला, आणि ती उंच होऊन शेंगांनी लगडली. आज जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत ती आहे. आपल्या सह्याद्रीत माजलेली घाणेरी आणि रानमोडी, आणि हे केंदाळ, हीही त्याच यादीत आहेत.

ज्यांच्या बांधावर सुबाभूळ आहे त्यांनी घाबरून तोडत सुटू नये. शेंग धरण्याआधी कापत राहा, जनावराला घाला, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, कारण तिच्या पाल्यातल्या मायमोसिनने केस गळतात आणि जनावर खालावते. नवी मात्र लावू नका. आणि पावसाळ्याच्या तोंडाला बियांचे गोळे करून डोंगरावर फेकण्याचे जे कार्यक्रम होतात, त्यात सुबाभळीचे बी पटकन उगवते म्हणून घातले जाते. तेवढे कृपा करून बंद करा. जे सगळ्यांत लवकर, कुठेही, कुणी न बघता उगवते, त्याच्याबद्दलच आधी शंका घ्यायची असते.

काही झाडे तर वर्षानुवर्षे निमूट राहतात. जर्मनीत इंगो कोवारिक या अभ्यासकाने जुन्या नोंदी चाळून बघितले. बाहेरून आणलेली झाडे-झुडपे तिथे लावल्यापासून स्वतःहून पसरायला लागेपर्यंत सरासरी शंभराच्या वर वर्षे गेली होती. म्हणजे “माझ्या आजोबांपासून आहे, कुठे पसरली?” हा पुरावा पुरत नाही. पिवळा-केशरी कॉसमॉस आठवा. बागेतले फूल होते. आता सातारा-पुण्याच्या घाटरस्त्यांना दसऱ्याच्या सुमारास तोच पिवळा दिसतो, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि जाताना बी घेऊन येतात. ते बी घेऊ नका. कासच्या पठारावर बोटभर मातीत जी तेरडा-सीतेची आसवे फुलतात, त्यांना असा सोबती परवडणारा नाही.

मग लावायचे काय? लांब जायला नको. नदीकाठी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. गावात आणि रस्त्याला कडुनिंब, नांद्रुक, शिरीष, बहावा. बांधावर भोकर, बोर, आपली गावठी बाभूळ. क्षारपडीला करंज आणि बाभूळ बऱ्यापैकी दाद देतात. ही सावकाश वाढतात, पहिली दोन-तीन वर्षे पाणी आणि कुंपण मागतात, म्हणूनच कार्यक्रमांत मागे पडतात. रोपवाटिकेत गेलात तर तीन प्रश्न विचारा: हे मूळचे कुठले, याचे बी आपोआप किती उगवते, आणि दुसरीकडे कुठे माजले आहे का? सांगता आले नाही तर ते रोप तिथेच ठेवा.

शेवटी त्या मोकळ्या प्लॉटांचे. तिथले गाजरगवत गल्लीतल्या प्रत्येक घरात बी पाठवते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मालकाचा फोन नंबर गल्लीत कुणाकडे तरी असतोच. रागाने नको, समजावून सांगा, की उन्हाळ्यात एकदा ट्रॅक्टर घालून पहिल्या पावसाला धैंचा दाट पेरून द्या. धैंचा गाजरगवताला उजेड मिळू देत नाही, खारट जमिनीतही येतो. फुलोऱ्याला आला की तो जागीच गाडायचा. जे उरले ते गाजरगवत 16 ते 22 ऑगस्टला देशभर पाळल्या जाणाऱ्या गाजरगवत जागृती सप्ताहात गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून मुळासकट काढायचे. दोन-तीन पावसाळे हे चुकवू नका, कारण मातीत जुने बी शिल्लक असते. तोवर प्लॉटच्या कडेला लावलेला करंज छातीएवढा झालेला असेल.